मोठीचं नाव

मी एक चांदीचा टाक बोलतोय. टाक म्हणजे काय, हे आजकाल सांगावं लागतं, म्हणून सांगतो. दोन बोटं रुंद, तीन बोटं उंच असा चांदीचा पातळ पत्रा आणि त्यावर उठवलेलं एखाद्या देवाचं, नाहीतर घरातल्या गेलेल्या माणसाचं चित्र. देव्हाऱ्यात असे टाक ओळीने उभे असतात. माझ्यावर एक बाई आहे. डोक्यावर पदर, कपाळावर ठिपका, हात जोडलेले. नाकही होतं, पण ते घासून घासून गेलं.

वय विचाराल तर एकशे चाळीसच्या आसपास. एवढी सगळी वर्षं मी म्हसावदच्या एकाच घरात काढली, आणि एवढ्या वर्षांत या माझ्यावरच्या बाईचं नाव काय, हे मला कोणी सांगितलं नाही. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास? बसतो बाबा. दुसरं काही नव्हतंच मला घेऊन बसायला.

माझा जन्म शहाद्याच्या एका सोनाराकडे झाला. म्हसावदचा फुलसिंग पाटील आपल्या थोरल्या भावाला घेऊन दुकानात आला. वय जेमतेम तेवीस. बायको वारून वर्ष व्हायचं होतं आणि दुसरं लग्न तोंडावर आलं होतं. तेव्हा आमच्याकडे रीत अशी की दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. म्हणजे गेलेली शांत राहते, नवीवर राग धरत नाही, अशी समजूत.

सोनाराने विचारलं, "कशी दिसायची?"

फुलसिंग खाली बघायला लागला. त्याचा भाऊ म्हणाला, "बाईसारखी बाई काढ ना भो! लगीन परवावर उनं."

सोनाराने फळीवरचा ठसा उचलला, पत्रा ठेवला, हातोडी मारली, झालं. त्याच ठशावर त्याने त्या आठवड्यात आणखी दोन गावच्या दोन पहिल्या बायका काढल्या. तेव्हा मी तिचा चेहरा वाहतो असं म्हणणंसुद्धा खोटंच. तिघींना मिळून एक चेहरा, आणि तोही कुणाचाच नाही. पाठीला एक कडी डकवली, कडीत काळा दोरा ओवला, आणि मी निघालो लग्नाला.

नवी नवरी होती अनुसया. तेरा वर्षांची. हळदीच्या अंगाने ती बसली होती आणि बायकांनी मला तिच्या गळ्यात बांधलं तेव्हा तिच्या छातीची धडधड मला स्पष्ट ऐकू आली. पोर घाबरून गेली होती. मेलेली बाई गळ्यात घालून संसाराला लागायचं म्हणजे काय गंमत आहे?

पण सांगतो, माझं सगळ्यात चांगलं आयुष्य तिच्याच गळ्यात गेलं. जेवायला बसली की पहिला घास माझ्यापुढे धरायची. "मोठी, घे वं," म्हणायची आणि मग आपण खायची. नवं लुगडं आलं की आधी त्याची कड मला लावायची. सासू बोलली, नवरा रागावला, कापसाला बोंडअळी लागली, सगळं मला सांगायची. शेतात निंदताना तिचं तोंड चालू आणि मी ऐकतोय. पण कायम मोठी. नाव नाही. नाव तिला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. असेलही, तरी तिने ते घेतलं नाही.

एकाच बाबतीत मला तिचा राग यायचा. घर मोठं, चार भावांचं. अंगणात पाच-सहा लेकरं कायम लोळत असायची. कोण कुणाचं, मला नव्या माणसाला काय ठाऊक! त्यातली एक होती जसोदा. मी घरात आलो तेव्हा नुकती बसायला लागली होती. अनुसया तिला सतत कडेवर घेऊन फिरायची. आणि तिला घेतलं रे घेतलं की मला घाईघाईने पदराखाली लपवायची, वर चोळीत खोचायची. मला वाटायचं, का गं बाई? माझी लाज वाटते का तुला? एरवी जिवाभावाचं बोलतेस आणि पोर कडेवर आली की मी परका?

जसोदा कसली ऐकते! पदरात हात घालून मला बरोबर शोधून काढायची आणि थेट तोंडात. दात येत होते तिला. माझ्या उजव्या कडेला दोन बारीक खळगे आहेत, ते तिच्या दातांचे. अनुसया मला तिच्या तोंडातून ओढून घ्यायची आणि पुन्हा चोळीत खोचायची. पुढे जसोदा अकरा वर्षांची होऊन तळोद्याकडे लग्न होऊन गेली. जाताना अनुसयाच्या गळ्यात पडून अशी रडली की माझा दोरा तिच्या आसवांनी भिजला. नंतर अनुसयाला पोरं झाली, सुकलाल झाला, नातवंडं झाली. मी गळ्यातच होतो.

अनुसया सत्तर वर्षांची होऊन गेली. तिच्याबरोबर बोलणं संपलं.

सुकलालच्या बायकोने दोरा कापला आणि मला हातात घेऊन जरा वेळ उभी राहिली. चांदीची वस्तू, त्यात बाईमाणसाचं चित्र, टाकायचं तरी कुठे? तिने मला देव्हाऱ्यात खंडेरावाच्या शेजारी उभं केलं. ती होती तोवर ठीक होतं. तिच्या सुनेने आल्या दिवशी देव्हाऱ्यातल्या सगळ्यांना हात जोडले, त्यात मलाही जोडले. आणि तिची सून, म्हणजे बेबीबाई, घरात आली तोपर्यंत मी चांगली जागृत देवी होऊन बसलो होतो!

कोणती देवी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कोणी रानुबाई म्हणायचं, कोणी जुनी कुळाची देवी म्हणायचं. नवरात्रात माझी ओटी भरली जायची. माझ्यापुढे पावसासाठी हात जोडले गेले, बोअरच्या पाण्यासाठी जोडले गेले, एसटीतल्या नोकरीसाठी, दहावीच्या गणितासाठी. अहो, मला गणितातलं काय कळतं? पोर पास झाली आणि नारळ माझ्यापुढे फुटला. खंडेराव शेजारी गप्प. त्यांना तरी सगळं माहीत असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ज्याच्यापुढे सगळे मागतात आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याचा दिवस फार मोठा असतो.

बोलणारी एक आली, रंजिता. बेबीबाईची सून, कुंदनची बायको. सणाच्या आधी देव घासायला ती ओट्यावर बसायची आणि प्रत्येकाची विचारपूस चालायची. मला लिंबाची फोड चोळत म्हणायची, "देवी, तुन्हं नाक कोठे गये वं? कोना संगे भांडनी?" आणि स्वतःच खदखदून हसायची. बेबीबाई आतून ओरडायची, "देवनी थट्टा करस का, रंजू!" पण तीही हसत असायची. नऊ वर्षं हे चाललं. मग ते साथीचं दुसरं वर्ष आलं. रंजिताला ताप आला, नंदुरबारला नेलं आणि दहाव्या दिवशी ती गेली. घरी परत आणलीसुद्धा नाही. तेव्हा कुणालाच आणू देत नव्हते.

त्यानंतर या घराने तिचं नाव टाकलं. कुंदन आधी घेईना, कारण घेतलं की त्याचा आवाज जायचा. आणि दोन वर्षांनी कुंदनची दुसरी बायको म्हणून रूपाली घरात यायची ठरली तेव्हा बेबीबाईने भिंतीवरचा रंजिताचा फोटो उतरवला, साडीत गुंडाळला आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवला. शेजारणींनाही ताकीद दिली. नव्या सुनेला वाईट वाटायला नको. मनाने चांगलीच बाई आहे हो बेबीबाई, चांगुलपणानेच केलं तिने हे.

रूपाली धडगावची. वडील तिथल्या कचेरीत कारकून होते, पोर शिकलेली, लग्न लांबत लांबत तेहतीस वर्षं उलटली होती. दुसरेपणावर आलीय हे तिला ठाऊक होतं, त्याचं तिला काही नव्हतं. पण या घरात तिला चालायलाच जागा मिळेना. ती खोलीत आली की बोलणं थांबायचं. मसाल्याच्या डब्यांवर निळ्या शाईत चिठ्ठ्या होत्या, धने, बडीशेप, ओवा. अक्षर सुरेख. तिने विचारलं, "आई, ह्या डबास्वर कोन लिखेल शे?"

"घरमानंच कोनीतरी," बेबीबाई म्हणाली आणि ताट घेऊन बाहेर गेली.

रूपाली त्या ओव्याच्या डब्याकडे बराच वेळ बघत राहिली. मी देव्हाऱ्यातून तिला बघत होतो. या घरात आता दोघं झालो, असं मला तेव्हा वाटलं.

होळीच्या आधी ती पहिल्यांदा देव घासायला बसली. मला उलटं केलं आणि थांबली. "आई, देवीले मांगे कडी कसाले?"

"जुनं शे ते. तू घास आनि ठेव."

पण ती ठेवणारी नव्हती. तिने खंडेराव उलटा केला, कानबाई उलटी केली. कुणालाच कडी नाही. देव काय गळ्यात घालतात? अख्ख्या घराने माझी पाठ ऐंशी वर्षं घासली होती, आणि विचारलं हिने.  आता आपलं बिंग फुटणार याची भीती वाटली, आणि फुटलं तर बरं, असंही.

शहाद्याला नानीबाई राहते. कुंदनच्या आजोबांची, म्हणजे दोधूबाबांची बहीण, अनुसयाची नात. नव्वदी ओलांडलेली, डोळ्यांनी अधू, पण डोकं साफ. रूपालीने मला रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि ती एसटीने तिच्याकडे गेली. नानीबाईने मला हातात घेऊन अंगठ्याने चाचपलं. कडीपाशी अंगठा थांबला.

"अय माय वं! हाई कोठे सापडनी तुले?"

"देव्हारामा."

"देव्हारामा?" म्हातारीने कपाळाला हात लावला. "हाई देवी नही शे, बेटा. हाई मन्ही आजीनी सवत शे! आजीना गयामा राहे."

"नाव काय व्हतं तिनं?"

"मोठी म्हने आजी. नाव कोनीच ले नही. सवतनं नाव लिधं का ती दारमा येस, अशे म्हनेत."

 परत येताना एसटीत रूपालीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मला वाटतं, ती फक्त माझ्याबद्दलच विचार करत नव्हती.

घरी आल्यावर जो काय गोंधळ झाला, विचारू नका. बेबीबाईचे डोळे पांढरे झाले. "चाळीस वरीस! चाळीस वरीस मी सवतनी ओटी भरी?" मी खजील. मी काय कुणाला सांगितलं होतं, मला देवी म्हणा म्हणून? पण ऐकतंय कोण! "म्हनीसनच आपला घरमा असं व्हयनं, म्हनीसनच मन्ही..." आणि तिथे तिने जीभ चावली. नाव ओठांवर आलेलं परत गिळलं. रूपालीने ते पाहिलं.

शेवटी बेबीबाईने निकाल दिला. "आखाजीपावत नाव सापडनं ते घागरवर लेऊ. नही ते परकाशाले तापीमायमा सोडी देसूत. बिगर नावनं मानूस देव्हारामा नही ठेवानं."

परकाशा म्हणजे तापीकाठचं प्रकाशा गाव, आणि आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात, निखाऱ्यांवर तूप आणि घास टाकतात आणि एकेकाचं नाव घेतात. नाव घेतलं की त्या माणसाला वर्षाचं पाणी पोचतं. आता तुमच्या ध्यानात येईल. मोठीला एकशे चाळीस वर्षांत पाण्याचा थेंब पोचलेला नव्हता.

रूपाली कामाला लागली. कुंदनकडे वंशावळीचा एक कागद होता, वारसाच्या नोंदीसाठी केलेला. फुलसिंग, त्याचा सुकलाल, त्याचा दोधू, त्याचा नवनीत, त्याचा कुंदन. सरळ उभी रेघ. एकही बाई नाही, जणू हे सगळे एकमेकांच्या खांद्यातून निघाले. मग तिने जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांच्या नकलांसाठी अर्ज केला. पूर्वी गावचा कोतवाल जन्म आणि मरण सांगायचा आणि ते वहीत चढायचं. अर्ज दिला, हेलपाटे घातले, पुन्हा गेली. कुंदन म्हणाला, "एवढा काय जीव टाकतेस तिच्यासाठी?" ती म्हणाली, "कुणीतरी टाकायला हवा." पुढच्या वेळी तो स्वतः तिला गाडीवर सोडून आला.

नकला मिळाल्या, पण सगळं मोडीत लिहिलेलं. काळ्या शाईच्या गुंत्यासारखं. ते वाचणारे शहाद्यात अनीसचाचा. सत्तरीचे, वडिलांकडून मोडी शिकलेले. जातीच्या दाखल्यासाठी लोक त्यांच्या दारात रांग लावतात. त्यांनी भिंग काढलं, कागद सरळ केले आणि विचारलं, "कुणाचे वडील शोधायचेत?"

"वडील नाही, चाचा. एक बाई."

चाचांनी भिंग खाली ठेवलं. "बेटी, पंधरा वर्षं मी ही पानं वाचतोय. सगळे बाप शोधायला येतात. बाई शोधायला आलेली तू पहिलीच." चहा घेऊन आलेली त्यांची बायको मदिना दारातच थांबली. "खरंच की. माझ्या सासूच्या सासूचं नाव मलाही नाही माहीत," ती म्हणाली आणि तिथेच बसली.

रूपालीने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवलं होतं. बरं केलं. मलाही ऐकायचं होतं. एकशे चाळीस वर्षं थांबलो होतो, आणि आता एका म्हाताऱ्याचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. चांदीला घाम येत नाही, नाहीतर आलाच असता.

"सन अठराशे पंच्याऐंशी. मौजे म्हसावद." बोट थांबलं. "हे बघ. फुलसिंग पाटील याची बायको. वय अजमासे एकोणीस. बाळंतरोग."

"आणि नाव?"

"नावाच्या रकान्यातच लिहिलंय हे. हेच नाव आहे, बेटी."

 मदिनाने "या अल्ला" म्हणून गुडघ्यावर हात मारला. मी आतून फुटलो. एकोणीस वर्षांची पोर. नोंदीतसुद्धा दुसऱ्याच्याच नावाखाली पडलेली.

पण रूपाली उठली नाही. "चाचा, बाळंतरोग म्हणजे बाळ झालं होतं ना? जन्माची वही बघता?"

चाचांनी दुसरी नक्कल ओढली. जरा वेळाने म्हणाले, "आहे. अकरा दिवस आधी. फुलसिंग पाटील यास मुलगी. नाव नाही, बारशाआधीच लिहितात." मग आपणहून त्यांनी मरणाची वही पुढे चाळली, दोन वर्षांची पानं, एकेक ओळ. "मेल्याची नोंद नाही. जगली असणार ती."

"मग गेली कुठे? कागदावर तर कुठेच नाही."

अहो, कुठे गेली ते मला माहीत होतं! माझ्या कडेला तिच्या दातांचे खळगे होते! एका झटक्यात सगळं उलगडलं. जसोदा. अनुसयाने कडेवर घेतली की मला पदराखाली का लपवायची, ते आत्ता कळलं. तिला माझी लाज वाटत नव्हती. मोठीने आपली पोर बघितली तर ती न्यायला येईल, या भीतीने तेरा वर्षांची ती पोर मला चोळीत दडवत होती. मी तिच्यावर रागावलो होतो, आणि ती बिचारी एका आईपासून तिचं लेकरू राखत होती. आणि मी? त्या लेकराने मला चावलं, चघळलं, माझ्यावर लाळ गाळली, आणि मी आई म्हणून मिरवत असताना मला कळलं नाही की ही पोर मोठीचीच. मला तेव्हा वाचा असती तर मी टेबलावरून किंचाळलो असतो. रूपालीने मला पुन्हा रुमालात गुंडाळलं. तिला जे कळलं ते मला कळलं, पण मला जे कळलं ते तिला कधीच कळणार नाही. त्या दिवसाइतकं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आखाजी आली. अंगणात लाल मातीची घागर भरली, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. आत पुरणपोळी, सांजोऱ्या. दुपारी कुंदन निखाऱ्यांपुढे बसला. मला पाटावर वेगळं ठेवलं होतं, देवांत नाही आणि माणसांतही नाही. कुंदन तूप सोडत नावं घ्यायला लागला. "फुलसिंगबाबा. सुकलालबाबा. दोधूबाबा. दादा." दादा म्हणजे त्याचे वडील नवनीत. प्रत्येक नावाला निखारा भडकत होता.

बेबीबाईने रूपालीकडे बघितलं. "तिनं नाव सापडनं?"

"नही, आई."

"मंग सकाय परकाशाले जाऊत." बेबीबाई उठायला लागली.

"आई, एक नाव ऱ्हायनं."

"कोनतं?"

"रंजिता."

 कुंदनच्या हातातली पळी तशीच राहिली. बेबीबाईचा चेहरा फटफटीत. "तुन्हा तोंडतून कसाले वं? तुले वाईट वाटाले नको म्हनीसन आम्हीन..."

"माले वाईट वाटाले नको म्हनीसन तुम्हीन तिले दुसरांदा मारी ऱ्हायनात!" रूपालीचा आवाज चढला होता आणि डोळे वाहत होते. "मी वही देखी, आई. शंभर वरीसमा कोनीतरी अशीच येई आनि पुसई, तठे काय सापडई? कुंदन पाटीलनी बायको. ती बी तेच, आनि मी बी तेच."

 मग कुंदनने पळीभर तूप निखाऱ्यांवर सोडलं. ओठ दोनदा हलले, आवाज फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला. "रंजिता," तो म्हणाला, आणि पळी बाजूला ठेवून दोन्ही हातांत तोंड धरलं. बेबीबाई घागरीजवळ मटकन खाली बसली. "मन्ही रंजू वं," म्हणाली, "मन्ही माय वं," आणि तीन वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. रूपालीने तिला जवळ घेतलं.

त्या संध्याकाळी फोटो कपाटातून भिंतीवर आला. बेबीबाई बोलत सुटली. रंजूने दूध किती वेळा उतू घातलं, डब्यांवर चिठ्ठ्या लावताना हळदीच्या डब्यावर हिंग कसं लिहिलं, देवाची थट्टा कशी करायची. रूपाली ऐकत होती, हसत होती, विचारत होती. पहिल्यांदाच त्या घरात तिचा आवाज मोकळा ऐकू आला. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. रंजिताला सांगणारी माणसं उरली होती. माझ्या मोठीला नव्हती.

बेबीबाईचा राग मावळला होता. "ऱ्हाऊ दे तिले. मोठी ते मोठी," ती म्हणाली. पण माझा पत्रा पानासारखा पातळ झालाय आणि कडीपाशी फाटलाय. रूपाली म्हणाली, "नही, आई. इतला वरीस तिले बांधीसन ठेवेल शे, आते सोडी देऊत." कुणाच्या गळ्यात नाही, देव्हाऱ्यातही नाही. मला पटलं. मीही थकलोय.

म्हणून आज प्रकाशाला आलोय. घाटाच्या शेवटच्या पायरीवर कुंदन चपला हातात घेऊन उभा आहे आणि मी रूपालीच्या मुठीत आहे. बॅरेजमुळे तापीला पाणी आहे, संथ. मला आत जायची भीती नाही, तिथे तरी कोणी मला देवी म्हणणार नाही. फक्त जाता जाता तुम्हाला एक विनवणी. तुमच्या घरातही अशी एक असेल, कुणाची तरी पहिली, कुणाची तरी आई, जिला सगळे नात्यानेच ओळखतात. सांगणारं एखादं म्हातारं माणूस शिल्लक असेल तर आजच जाऊन तिचं नाव विचारा. कागदावर ते सापडणार नाही, मी स्वतः बघून आलोय.

रूपाली गुडघाभर पाण्यात उतरली. तिने मूठ पाण्याशी नेली, मला तोंडाजवळ धरलं आणि कुंदनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "मोठी, तुले कोनीच सांगं नही. तुन्ही पोर जगनी वं."

आणि मूठ उघडली.